'वाचाल तर वाचाल' छापलेली वही

बाई, नमस्कार.

आम्ही नाशिकच्या एका शाळेची १९८९ची दहावीची बॅच. व्हॉट्सअॅपवर पुन्हा गोळा झालो, स्नेहमेळावा केला आणि ठरवलं की आपणही कुणाच्या तरी मदतीवर शिकलो, आता काही परत करायचं. गेली तीन वर्षं सातपूरकडच्या एका मनपा शाळेत जूनमध्ये वह्या, दप्तरं, कंपासपेट्या वाटतो. यंदा वह्यांच्या मागच्या पानावर बॅचचं नाव आणि 'वाचाल तर वाचाल' असं छापून घेतलं होतं. वाटप झाल्यावर सहावीतल्या एका मुलीला मी सहज म्हटलं, काय लिहिलंय वाच बरं. तिने बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "ताई, हे आमच्या पुस्तकात नाहीये." तेव्हापासून मला चैन नाही.

या वेळी वर्गणी चांगली जमली आहे, ३ लाख २० हजार. त्यावरून ग्रुपमध्ये दोन तट पडलेत. एका मित्राचा अंबडला कारखाना आहे, निम्मी रक्कम त्याचीच. तो म्हणतो तीस टॅब घेऊ. मुख्याध्यापकांनाही ते पसंत आहे. दुसरे म्हणतात, हुशार दहा मुलं निवडून त्यांना क्लास लावू. मी त्या मुलीचं सांगितलं तर "एका पोरीवरून काय ठरवायचं?" असं उत्तर मिळालं, वर "तू नेहमीच विरजण घालतेस" हेही. मी चुकतेय का? आणि या पैशांचं नेमकं काय करावं?

– एक माजी विद्यार्थिनी, सिडको

सिडकोच्या ताई,

तुम्ही चुकत नाही. पण तुमच्या मित्राचं एक वाक्य मी उचलून धरणार आहे. एका पोरीवरून ठरवू नये हे खरंच आहे. मग सगळ्या पोरांवरून ठरवा. टॅब, क्लास, वह्या, सगळं पंधरा दिवस बाजूला ठेवा आणि तिसरी ते सहावीतल्या एकेका मुलासमोर पाच-पाच मिनिटं बसा. कुणाला काय वाचता येतं हे आधी कळू दे. तीन वर्षं तुम्ही त्या शाळेत जाताय, पण हा प्रश्न विचारला गेला तो वाटप झाल्यावर, आणि तोही सहज. तुम्हाला बोल लावत नाहीये. मी चौतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत काढली, मलाही हा प्रश्न उशिराच सुचला.

पेठ तालुक्यात माझी पहिली नेमणूक होती. चौथीच्या वर्गात एक मुलगा होता, त्याची वही अशी की मोत्याचे दाणे. तपासणीला साहेब आले, वही पाहिली, त्याच्या पाठीवर थाप मारली, मीही फुशारले. दोन महिन्यांनी कळलं की त्याला एक शब्द वाचता येत नव्हता. फळ्यावरचं अक्षर तो रांगोळी काढावी तसं काढायचा. वळण बरोबर, ठिपके बरोबर, अर्थ काही नाही. उतरवून घेण्यात ही मुलं पटाईत होतात, कारण वर्गात टिकून राहायचा तेवढाच मार्ग त्यांच्याकडे असतो. तुमच्या त्या मुलीचं उत्तर मला म्हणूनच फार खरं वाटलं. तिच्या लेखी वाचणं म्हणजे पुस्तकातला पाठ, जो कुणीतरी आधी म्हणून दाखवलाय आणि जो तिला पाठ झालाय. नवं वाक्य समोर आलं की ते 'पुस्तकात नाहीये'.

यात शिक्षकांना झोडपू नका. मी शिक्षकांची बाजू घेणारच, पण उगीच नाही. सहावीच्या एकाच वर्गात एक मूल वर्तमानपत्र वाचतं, एक शब्दाला अडतं, एकाला 'घ' आणि 'ध' वेगळे दिसत नाहीत. बाईंच्या हातात पुस्तक सहावीचं आणि मार्चपर्यंत ते संपवायचं. शिवाय पोषण आहाराचा हिशेब, ऑनलाइन माहिती, मतदार याद्या. बाई पुस्तकामागे धावतात, पुढची दहा मुलं बाईंमागे धावतात, आणि उरलेली जिथे पहिली-दुसरीत थांबली होती तिथेच राहतात. फक्त दरवर्षी वरच्या वर्गात बसतात.

घरच्या बोलीचंही आहे. सातपूर-अंबडच्या वसाहतींत खानदेशातून आलेली घरं बरीच. मूल घरी 'माले' म्हणतं, वहीत 'मला' लिहायचं असतं, आणि 'माले' लिहिलं की लाल रेघ. बिहार-उत्तर प्रदेशातून आलेल्या कामगारांच्या मुलांची गोष्ट त्याहून वेगळी. पेठ-सुरगाण्याकडची मुलं कोकणा बोलत येतात. यातलं एकही मूल मठ्ठ नसतं.

आता तपासायचं कसं ते. एक कागद लागतो. त्यावर चार पायऱ्या: दहा सुटी अक्षरं, दहा सोपे शब्द (जोडाक्षर नको), चार छोट्या वाक्यांचा पहिलीच्या पातळीचा परिच्छेद, आणि आठ-दहा ओळींची दुसरीच्या पातळीची गोष्ट. मुलाला वर्गाबाहेर, व्हरांड्यात किंवा झाडाखाली घ्या, शेजारी बसा, नाव-गाव विचारा. परिच्छेदापासून सुरुवात करा. आला तर गोष्ट द्या, नाही आला तर शब्द, शब्दही नाही आले तर अक्षरं. जिथे सहज वाचतं ती त्याची पायरी. चूक झाली तर दुरुस्त करू नका, 'अरे एवढंही येत नाही?' तर मुळीच नाही. आणि दुसरं मूल शेजारी उभं राहू देऊ नका, ते उत्तर कुजबुजतं.

ही पद्धत माझ्या डोक्यातली नाही. १९९५ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या प्रथम या संस्थेने २००५ पासून 'असर' नावाची पाहणी चालवली आहे. स्वयंसेवक खेड्यापाड्यांत घरोघर जाऊन मुलांना असाच कागद वाचायला देतात. २०२४च्या पाहणीत देशभरातल्या ग्रामीण भागातल्या सरकारी शाळांमध्ये पाचवीतल्या ४४.८ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचता आली. तिसरीत हा आकडा २३.४ टक्के होता, आणि दोन वर्षांआधी तो १६.३ होता, म्हणजे गाडी हलते आहे. ही खेड्यांची पाहणी, तुमची शाळा शहरातली, तेव्हा आकडा जसाच्या तसा चिकटवू नका. पण पुढच्या वेळी कुणी 'एका पोरीवरून' म्हणालं तर ती पोर एकटी नाही एवढं सांगता येईल.

मुख्याध्यापकांना आधी एक विचारा. २०२१ पासून निपुण भारत नावाचा सरकारी कार्यक्रम चालू आहे, तिसरीअखेर प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं आणि साधं गणित यावं असं त्याचं उद्दिष्ट आहे. त्यासाठी शाळेने मुलांची तपासणी बहुधा केलेलीही असेल. कपाटात तक्ते असतील तर ते बघा, बाईंचं काम दुप्पट करू नका. मात्र तरीही स्वतः दहा-वीस मुलांचं ऐका. तक्त्यावरचा शेरा वाचणं आणि मुलाचं वाचणं कानाने ऐकणं यात फार फरक आहे.

आता वाटपाकडे येते, जरा कडू बोलले तर राग मानू नका. मनपा शाळेत पाठ्यपुस्तकं मोफत मिळतात, गणवेश योजनेतून येतो, दुपारचं जेवण असतं. जूनमध्ये तर वह्या वाटणाऱ्यांची रांग लागते. मंडळं, नगरसेवक, क्लब, वाढदिवसवाले. एकेका मुलाकडे तीन दप्तरं होतात आणि त्यातली दोन गावाकडच्या भावंडांना जातात. वही वाईट नाही, ज्याच्याकडे नसेल त्याला ती द्यायलाच हवी. पण वहीने वाचता येतं असं नाही. केनियात नव्वदच्या दशकात काही ग्रामीण शाळांना पाठ्यपुस्तकं फुकट देऊन अर्थतज्ज्ञ मायकेल क्रेमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी परिणाम मोजला होता. सरासरी गुण हललेच नाहीत. जी मुलं आधीच पुढे होती तेवढ्यांना फायदा झाला. पुस्तकं इंग्रजीत होती आणि बऱ्याच मुलांची ती तिसरी भाषा, मागच्या बाकावरच्यांना ती उघडताच येत नव्हती म्हणा ना. आपल्याकडे मराठी पुस्तक त्या सहावीतल्या मुलीला तसंच बंद आहे.

टॅबचंही तेच. पेरू देशात सरकारने ग्रामीण शाळांतल्या मुलांना लॅपटॉप वाटले. सव्वा वर्षाने तपासलं तर भाषेत आणि गणितात काही फरक नव्हता. मुलं संगणक चालवायला शिकली, हे खरं. तुमच्या मित्राला हे सांगितलं की तो म्हणेल, पण दिल्लीत तर झाला फायदा! झाला होता. शाळा सुटल्यावर चालणाऱ्या केंद्रांत मुलांना साडेचार महिने संगणकावर सराव दिला, आणि गणितात-हिंदीत ती स्पष्ट पुढे गेली. मात्र तो कार्यक्रम आधी प्रत्येक मुलाची पायरी शोधत होता आणि तिथूनच शिकवत होता. शिवाय रोजच्या दीड तासातला निम्मा वेळ छोट्या गटाला शिकवणारा माणूस तिथे बसलेला असायचा. तुमचे तीस टॅब कुणी उघडायचे, चार्ज कोण करणार, किल्ली कुणाकडे, दिवाळीनंतर ते कुठल्या कपाटात असतील? मी अशी कपाटं पाहिली आहेत. आत टॅब, वर धूळ, आणि भिंतीवर देणगीदारांच्या नावाची पाटी चकचकीत.

हुशार दहा मुलांच्या क्लासबद्दल थोडक्यात सांगते. क्लास लावू नका, पण आठवीतल्या मुलांना राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसवा. पालकांचं उत्पन्न वर्षाला साडेतीन लाखांच्या आत असेल आणि मूल सरकारी, मनपाच्या किंवा अनुदानित शाळेत असेल तर बसता येतं. निवड झाली की नववी ते बारावी वर्षाला १२ हजार, म्हणजे चार वर्षांत ४८ हजार. बऱ्याचदा मूल अभ्यासात कमी पडत नाही, उत्पन्नाच्या दाखल्यापाशी अडतं. बाप कंत्राटी कामावर, सेतू केंद्रात जायचं तर एक दिवसाची हजेरी बुडते. तुमच्या ग्रुपमधल्या सवड असलेल्या मंडळींनी तेवढी धावपळ केली तरी पुष्कळ. यात तुमचे पाच-दहा हजारसुद्धा जाणार नाहीत.

राहिले तीन लाख. ते माणसांवर खर्च करा.

२००१च्या सुमाराला मुंबई आणि बडोद्याच्या पालिका शाळांत प्रथमने 'बालसखी' नावाचं काम चालवलं. वस्तीतलीच शिकलेली एक मुलगी घ्यायची, थोडं प्रशिक्षण द्यायचं आणि तिसरी-चौथीतली मागे पडलेली पंधरा-वीस मुलं रोज दोन तास तिच्याकडे द्यायची. मानधन त्या काळी महिन्याला पाचशे ते साडेसातशे रुपये. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते मोजलं. मुलं पुढे गेली, आणि सगळ्यात जास्त पुढे गेली ती सगळ्यात मागे असलेली. बॅनर्जी, डुफ्लो आणि वर ज्यांचं नाव आलं ते क्रेमर, या तिघांना २०१९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते अशाच कामासाठी. स्टॉकहोमला गेलेली गोष्ट मुळात आपल्या मुंबईच्या पालिका शाळेतली आहे, आणि नाशिकच्या मनपा शाळेत ती करायला कुणाची आडकाठी नसावी.

तर शाळेच्या वस्तीतल्याच दोन मुली शोधा. बारावी झालेली, लग्न होऊन आलेली सूनही चालेल, किंबहुना बरी, कारण ती चार वर्षं तिथे राहणार असते. महिन्याला सहा हजार द्या. तयारी धरून रोज दोन तासांचं काम, ही रक्कम लाज वाटावी अशी नाही. दोघींचे वर्षातल्या दहा महिन्यांचे १ लाख २० हजार, दोन वर्षांचे २ लाख ४० हजार. उरलेल्या ८० हजारांत वाचायची छोटी पुस्तकं, तक्ते, प्रशिक्षण, वर्षातून एक सहल. मानधन महिन्याच्या पाच तारखेच्या आत द्या. फुकट स्वयंसेवकांवर हे उभं करू नका, हे मी स्वतः ठेच खाऊन सांगते. निवृत्तीनंतर मी घरीच संध्याकाळचा वर्ग काढला, चार मैत्रिणी मदतीला. गणपती झाले, एकीची नात आली, दुसरीचे गुडघे. डिसेंबरात मी एकटी आणि समोर सहा मुलं. आणि ती सहाही आधीपासून वाचणारी! ज्यांच्यासाठी वर्ग काढला ती केव्हाच गळाली होती. मला ते कळलंही नाही, कारण मी हजर मुलांकडेच बघून खूश होत होते.

म्हणून हा वर्ग शाळेच्या वेळेत, शाळेच्या आवारात भरवा. उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्यात गावातल्या तरुणांनी शाळेबाहेर वाचनवर्ग चालवले होते. जी मुलं आली ती खरोखर वाचायला लागली. पण गावातली शंभरातली आठच मुलं आली. आपल्याकडेही संध्याकाळी पाण्याचा टँकर, धाकटा भाऊ, आईच्या धुण्याभांड्याच्या घरी मदत, असं काय काय असतं. सहावीतल्या मुलींना तर असतंच. तरीही शाळेनंतर काही करावं लागलं तर मुलीला धाकट्या भावाला कडेवर घेऊन यायची परवानगी ठेवा. एक सतरंजी जास्त, दुसरं काय?

मुख्याध्यापकांकडे बॅचच्या नावाची पाटी मागू नका, एक तास मागा. रोजचा, ठरलेला, वेळापत्रकात लिहिलेला. हरियाणात सरकारी शाळांतल्या शिक्षकांनी रोज एक तास इयत्ता बाजूला ठेवून मुलांना पायरीप्रमाणे बसवलं, आणि मुलांचं वाचन सुधारलं. जिथे नुसतं प्रशिक्षण झालं आणि तास ठरला नाही तिथे काही हललं नाही. त्या तासात तिसरीतलं आणि सहावीतलं मूल एकाच 'शब्द' गटात बसेल. सहावीतल्याला लाज वाटेल, हे आधीच धरून चाला. गटाला 'ढ' किंवा 'कच्चा' असलं नाव पडू देऊ नका. मी गटांना नद्यांची नावं द्यायचे: गोदावरी, दारणा, कादवा, वालदेवी. वालदेवी म्हणजे अक्षर गट हे पोरांना आठ दिवसांत कळायचंच, पण निदान बोलताना नदी असायची.

तासात काय करायचं ते मानधनावरच्या त्या दोन ताईंना शिकवावं लागेल. मोठ्या अक्षरांतली चार ओळींची गोष्ट, ताई बोट ठेवून वाचणार, मग मुलं बोट ठेवून वाचणार, मग त्यावर गप्पा. कावळ्याने असं का केलं, तू असतास तर? मग त्याच गोष्टीतले शब्द फरशीवर खडूने लिहायचे आणि त्यावर उड्या मारायच्या. बाराखडीचा तक्ता रोज, पण सुरात म्हणण्यासाठी नाही, बोट कुठेही पडलं तरी ओळखता यावं म्हणून. वेलांटी-उकार पक्के होईपर्यंत जोडाक्षरांना हात लावू नका. रफार तर शेवटी. आपण मोठी माणसं 'सूर्य' इतक्या सहज वाचतो की त्या डोक्यावरच्या आकड्याचं मुलाला काय होतं हे विसरूनच जातो. सुरुवातीला मुलांना त्यांच्याच बोलीत गोष्ट सांगू द्या आणि ताईंनी ती तशीच्या तशी फळ्यावर लिहावी. 'माले' तर 'माले'. स्वतःचं बोललेलं फळ्यावर उमटलं की वाचणं म्हणजे काय हे एकदम कळतं.

गणितासाठी काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे आणि खेळण्यातल्या नोटा पुरतात. मराठी आकड्यांची नावं मात्र मुलांना फार छळतात. 'सत्तावीस' म्हणताना सात आधी आणि लिहिताना दोन आधी, आणि 'एकोणचाळीस'ची तऱ्हा तर न्यारीच. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात सत्तावीसच्या जोडीला 'वीस सात' असं म्हणायची सोय केली, तेव्हा केवढी टिंगल झाली! गणितज्ञ मंगला नारळीकर त्या समितीच्या अध्यक्ष होत्या, बाई शांतपणे समजावत राहिल्या. टिंगल करणाऱ्यांनी एकदा तरी दुसरीच्या मुलाला सत्तावीस लिहायला सांगून बहात्तर लिहिलेलं पाहायला हवं होतं. तुमच्या ताईंना बिनधास्त 'वीस सात' म्हणू द्या.

दर दोन महिन्यांनी तोच कागद, गोष्ट बदलून. तपासायला ताई नकोत, तुमच्यातलं कुणीतरी जा. आपणच शिकवलेल्या मुलाला आपण नकळत वरची पायरी देतो. आणि हिशेब मांडताना जूनमध्ये नावं लिहिलेल्या सगळ्या मुलांचा मांडा, गळालेल्यांचाही. शिमग्याला गावी गेलेलं मूल परत आलं नाही तर ते का आलं नाही हे शोधायला एक जण वस्तीत जायला हवा. दिवाळीनंतर काही कुटुंबं दिंडोरी-निफाडकडे द्राक्षबागांच्या कामाला जातात, ती कुठल्या महिन्यात परततात हे शाळेतल्या बाईंना तोंडपाठ असतं. त्यांनाच विचारून वर्गाचं वेळापत्रक लावा.

किती दिवसांनी फरक दिसेल? अक्षरांवर असलेली मुलं तीन-चार महिन्यांत शब्द आणि परिच्छेदाला येतात, हा माझा अनुभव. पण बालसखीच्या मुलांची पकड, वर्ग सोडल्यावर वर्षभरात बरीच कमी झाली होती. म्हणून म्हणते, पैसे दोन वर्षांना पुरवा, एका वर्षात चार शाळा करू नका. गोष्ट वाचायला लागलेल्या मुलाला लगेच पुस्तकं हवीत, नाहीतर ते विसरतं. तुमच्यातल्या कुणाच्या तरी स्कूटरच्या डिकीत पन्नास पुस्तकं दर शनिवारी शाळेत जाऊ द्या. फाटली तर फाटली. कपाटात कोरी राहण्यापेक्षा ते बरं.

परवानगीचं विसरू नका. मनपाच्या शिक्षण विभागाला पत्र, शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत ठराव. त्या समितीत पालक असतात, वर्गासाठी त्यातल्याच एखाद्या आईचं नावही सुचेल. शिकवायला येणाऱ्या प्रत्येकाची पोलीस पडताळणी करा, आणि मुलासोबत कुणीही बंद खोलीत एकटं बसणार नाही हा नियम पहिल्या दिवसापासून ठेवा. ग्रुपवर मुलांचे फोटो टाकणं बंद. 'ह्याला वाचता येत नव्हतं' अशा ओळीखाली आपल्या मुलाचा चेहरा तुमच्यापैकी कुणाला चालेल?

आता तुमचे कारखानदार मित्र. त्यांना वाद घालून हरवायच्या भानगडीत पडू नका. निम्मे पैसे त्यांचे आहेत आणि त्यांचा हेतूही चांगला आहे, त्यांना डोळ्यांना दिसणारं काहीतरी हवंय एवढंच. नाशिकच्या जुन्या दात्यांनाही दिसणारंच हवं होतं, पण त्यांनी आधी मूल कुठे अडलंय ते पाहिलं. १९१४ मध्ये मराठा विद्या प्रसारक समाज उभा राहताना खेड्यातल्या मुलाला शहरात राहायची-जेवायची सोय नव्हती, म्हणून बोर्डिंग झालं. दादासाहेब बिडकरांनी डांग सेवा मंडळाच्या रूपाने पेठ-सुरगाण्याच्या बाजूला शिक्षण नेलं, कारण तिथली मुलं इथवर येऊ शकत नव्हती. तेव्हा मूल शाळेच्या बाहेर अडलं होतं. आता ते आत आलंय आणि बाकावर बसून अडलंय. मित्राला हे भाषण देऊ नका, वैतागतील. त्यांना फक्त तपासणीच्या शनिवारी बोलवा, हातात कागद द्या आणि पाच मुलं त्यांच्या वाट्याला द्या. सहावीतली ती मुलगी त्यांच्याकडेच जाईल असं बघा. कारखान्यात माल नापास झाला तर ते पाटी रंगवत नाहीत, कुठल्या मशिनवर बिघडतंय ते शोधतात, हे त्यांचं त्यांनाच आठवेल.

त्यानंतरही टॅब हवेतच म्हणाले तर दोन घ्या, दोन्ही ताईंच्या हातात द्या, मुलांचं वाचन रेकॉर्ड करायला. जूनमधलं आणि डिसेंबरातलं, एकाच मुलाचं. त्यांना दिसणारं हवंय ना, हे ऐकू येणारं असेल. फक्त मुलाच्या आईची परवानगी घेऊन, आणि ते ग्रुपवर न टाकता.

मुख्याध्यापक हिरमुसले तर त्यांच्याही बाजूने विचार करा. त्यांना वरून विचारणा होते ती डिजिटल साधनांची आणि पटसंख्येची. त्यांना सांगा, तपासणीचा तक्ता तुमच्याच सहीने वर जाईल, श्रेय शाळेचं. तुमच्या बॅचचं नाव कुठेच नको. वह्यांवर तर अजिबात नको.

आणि हो, तो वाचनाचा कागद मोठ्या, ठसठशीत अक्षरांत छापून घ्या, ओळींमध्ये भरपूर जागा सोडून. झेरॉक्सवाला कागद वाचवायला लहान करून देतो, तेव्हा तिथे उभ्या राहा.